सोमवारी तीनच्या आत

रंगुबाई : आवं, त्या गॅलरीच्या दाराची मूठ किती येळा वडाल? त्या साफसफाईवाल्या पोरीनं हात जोडून सांगितलं न्हवं, वादळ सरंस्तवर भाइर जायाचं न्हाई म्हणून?

आप्पासो : जरा वारं घ्यावं म्हणलं.

रंगुबाई : वारं! भाइर जहाज उभं-आडवं हलतंय आन् तुमाला वारं पायजे. बसा हितं पलंगावर. अंड्यावर आलेल्या कोंबडीगत सकाळधरनं येरझाऱ्या घालताय.

आप्पासो : आगं, सेलमला चाळीस वर्सं सोन्याच्या भट्टीपुढं बसलो. बारा-बारा तास. पर उठलं की पुढ्यात रस्ता हुता. हितं उठून जायाचं कुठं? सा पावलं हिकडं, सा पावलं तिकडं. मेंढरांचा वाडा बी ह्याच्यापरास मोठा आसतोय.

रंगुबाई : मेंढरं वाड्यात गप बसत्यात.

आप्पासो : तू कशी गं एवढी निवांत? भ्या वाटत न्हाई तुला?

रंगुबाई : वाटतंय की. पर पाण्यानं अडवलं तर बसायचं आसतंय. पाण्याबरुबर भांडून काय हुतंय? दार वाजतंय बघा. राणी आसंल.

राणी : आजी, लवकर उघड, हात भरलेत माझे. हां. ही तुमची खिचडी, हे लोणचं. आज जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्यासुद्धा दोरीने बांधल्यात. बाबांना परत उलटी झाली. मम्मी पण आडवी आहे.

रंगुबाई : विश्वजितला लिंबू दे चोखाया. माझ्या पिशवीत हाय, चटणीच्या डब्याखाली.

राणी : दिलं मघाशीच. लिंबू पण बाहेर आलं.

रंगुबाई : माझं लेकरू. आन् म्हणं, आईबापाला सुख दाखवतो.

राणी : आत्ता भोंग्यावर कॅप्टन काय बोलला ते ऐकलंत का?

आप्पासो : ऐकलं, पर त्याचं विंग्रजी बी कळंना आन् मागनं हिंदीत बोलली त्या बाईचं बी कळंना. काय म्हणला?

राणी : वादळ गोव्यासमोर येऊन ठाण मांडून बसलंय. पुढे सरकतच नाही. मुंबईचं बंदर बंद. त्यामुळे आपण खाली दक्षिणेला, खूप लांब, नुसते गोल गोल फिरणार. बुधवारी दुपारी मुंबई. ते पण नक्की नाही म्हणाला.

आप्पासो : बुधवारी? आगं, शनिवारी सकाळी उतरायचं हुतं आपून! दोन दिस तर हितंच गेलं.

राणी : जास्तीच्या दिवसांचे पैसे घेणार नाहीत. जेवण फुकट.

आप्पासो : जेवनाला काय चुलीत घालू? राणी, मधी कुठंतरी उतरवा म्हणावं. कोची, मंगळूर, कुठंबी. तिथनं गाडी करून जाऊ. आता किती वाजलं?

राणी : दोन वाजले.

आप्पासो : म्हंजी... इमानात बसून जरी... न्हाई, न्हाई हुयाचं. तीनच्या आत न्हाई पोचायचं.

रंगुबाई : कुठं पोचायचं तीनच्या आत?

आप्पासो : कुठं न्हाई.

रंगुबाई : आत्ता बोलला की तुमी.

आप्पासो : विट्यात जरा काम हुतं. एका गिऱ्हाइकाचं.

रंगुबाई : दुकान पोराच्या हातात दिऊन दोन वर्सं झाली. तवापासनं तुमचं गिऱ्हाईक म्हंजी आमची म्हसरं आन् मी. कुठलं गिऱ्हाईक?

राणी : आप्पा, आज सोमवार आहे.

आप्पासो : मग?

राणी : मग आज दुपारी तीनपर्यंत विट्याला तहसीलमध्ये अर्ज माघारी घ्यायची मुदत आहे. सरपंचपदाचे अर्ज. आजीचा फॉर्म मीच ऑनलाइन भरला, सगळ्या तारखा पाठ आहेत मला.

रंगुबाई : मुदत आसंल माघारी घेणाऱ्याला. आपल्याला काय करायचीया? मी कुठं माघार घेतीया.

राणी : तेच म्हणते मी. आप्पांना काय करायचीय?

रंगुबाई : आवं, हिकडं बघा.

आप्पासो : बघतुय की.

रंगुबाई : खिडकीतनं न्हवं. माझ्याकडं.

आप्पासो : हे बघ रंगू, आदीच सांगतो, रागाला येऊ नगं. तुमी दोगी अर्ज भरून आला न्हवं, त्याच दिवशी दिवं लागायच्या टायमाला बिरोबाच्या देवळात बैठक झाली. तानाजी हुता, आनिक चार-पाच जाणती माणसं हुती. गाव बिनविरोध करायचं ठरलं. जागा बायकांची, अर्ज दोनच. एक तुझा, एक तानाजीच्या सुनंचा, पल्लवीचा. त्यो माझा चुलतभाऊ. भावकीत इरेला पडून कुणाचं भलं झालंय? तानाजी म्हणला, दादा, वैनीला माघारी घ्याया लावा. म्या म्हणलं, लावतो.

रंगुबाई : लावतो.

आप्पासो : व्हय.

राणी : आणि आजीला सांगायचं राहूनच गेलं?

आप्पासो : सांगून ऐकलं आसतं व्हय हिनं? दारात रोज बायकांचा बाजार भरलेला. भामाबाई सकाळी, अर्जुनाच्या घरच्या दुपारी. सगळ्या मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवत हुत्या. म्हणलं, आठ दिस हिला गावाभाइर काढावी. जरा फिरवावी, दुनिया दाखवावी. मन खूश झालं की शनिवारी मुंबईत उतरायचं, सोमवारी सकाळी विट्याला न्यायची, एक सही करायची, की झालं. कुणाच्या मनाला लागायचं न्हाई.

राणी : म्हणजे ही क्रूझ तुमची आयडिया? बाबांची नाही?

आप्पासो : पैसं त्याचं. त्याला म्या म्हणलं, आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्सं झाली, आईला कुठंतरी न्हे. तुझा बाप साधा हाय, त्यानं लगीच तिकिटं काढली. ह्यातलं त्याला काय ठावं न्हाई. त्याला बोलू नगा.

रंगुबाई : मन खूश झालं की.

आप्पासो : आगं, तसं न्हवं...

रंगुबाई : न्हाई, खरं हाय तुमचं. झालेच हुते मी खूश. लगीन होऊन आले तवापासनं तुमी वरसातनं दोनदा यायचा. बिरोबाच्या यात्रंला आन् दिवाळीला. पंधरा दिस ऱ्हायाचा, सोळाव्या दिवशी वळकटी बांधायचा. मला कवा सेलम दाखवलं न्हाई. म्या बी म्हणलं न्हाई, की न्या. आन् ह्या आठवड्यात जहाजाच्या जिन्यात तुमी माझा हात धरला. चार माणसांत. रोज सांजच्याला वर घिऊन गेला, खुर्ची वढून बसवलं, आईस्क्रीम आणून दिलं. त्या फोटोवाल्यानं जवळ सरका म्हणल्यावर सरकला बी. म्या राणीला म्हणलं, बघ गं, तुझ्या आज्याला म्हातारपणी माझी आठवण झाली. म्हणलं का न्हाई गं?

राणी : म्हणालीस आजी.

रंगुबाई : चार दिस मी लय खूश हुते वो. आन् तुमी तवा माझ्या सहीची वाट बघत हुता.

आप्पासो : हात धरला त्यो काय सहीपायी धरला न्हाई, रंगू. ते... ते आपसूक झालं.

रंगुबाई : आता कसं कळायचं मला ते? सांगा की. कशात किती भेसळ हाय ते तुमच्या भट्टीत कळतंय. मला कसं कळायचं?

राणी : आप्पा, खरं सांगू? मला तुमची लाज वाटतेय.

आप्पासो : तू गप. बारकं तोंड हाय तुझं. इंजिनिअरिंगच्या कालेजात घातली म्हणून आज्याला शिकवायचं न्हाई.

रंगुबाई : तिच्यावर कशाला वरडताय? जाऊ द्या आता. तीन वाजतील, मुदत संपंल, अर्ज हाय तिथं ऱ्हाईल. तुमच्या हातात काय न्हाई, माझ्या बी न्हाई. खिचडी खावा, गार व्हाया लागलीया.

आप्पासो : तसं जाऊ दिऊन भागत न्हाई. भंडारा उचललाय म्या.

रंगुबाई : काय केलंय?

आप्पासो : भंडारा उचललाय. बिरोबाच्या म्होरं.

राणी : म्हणजे हळदीची मूठ हातात घेऊन शपथ घेतलीत?

आप्पासो : निसती शपथ न्हवं ती पोरी. कोर्टातली शपथ लोकं रोज मोडत्यात. भंडारा उचलून दिलेला शबूद कुणी मोडत न्हाई आमच्यात. माझ्या आज्यानं एकदा उचलला हुता, त्या शब्दापायी पन्नास मेंढरं दिऊन मोकळा झाला, पर मोडला न्हाई. मोडला तर घर धुऊन निघतंय. आन् आता हे बघा. शनिवारी सकाळी मुंबईचं मनोरं दिसाया लागलं हुतं डोळ्याला, आन् जहाज तोंड फिरवून माघारी निघालं. उगंच फिरलं व्हय? विश्वजितला भडभडून उलट्या व्हत्यात, त्या उगंच व्हत्यात?

रंगुबाई : तुमचं म्हणणं, बिरोबानं वादळ धाडलं?

आप्पासो : मग कुणी?

रंगुबाई : बिरोबा मेंढरं राखणारा देव. त्यो कशाला यील समुद्रात? त्याला काय पवाया येतंय?

राणी : आजी!

रंगुबाई : न्हाई, आला आसला तरी इचार करा जरा. जहाज अडवून कुणाचं काम केलं त्यानं? तुमचं का माझं?

आप्पासो : चेष्टा करू नगं. माझ्या काळजाचं पाणी झालंय.

राणी : थांबा. वायफाय आलं वाटतं. मेसेज पडायला लागलेत. एक, दोन... बापरे.

आप्पासो : कुणाचं?

राणी : कुणाचं नाही. गुड मॉर्निंगचे आहेत. फुलं आणि सुविचार.

आप्पासो : तोंडावनं दिसतंय तुझ्या. तानाजीचा हाय न्हवं? वाच.

राणी : नाही वाचणार.

रंगुबाई : वाच, राणी. आन् हाय तसं वाच.

राणी : 'दादा, वादळाचे टीव्हीवर कळले. बिलकूल काळजी करू नका. वकिलास विचारले. वहिनीची लेखी परवानगी असेल तर त्यांचा सूचक माघारीचा कागद देऊ शकतो. सूचक भामाबाई आहे. तिला जीपमध्ये बसवून विट्यास आणली आहे. वहिनीची सही घेऊन कागदाचा फोटो राणीच्या मोबाइलवरून पाठवा, इथे प्रिंट काढतो. साहेबांनी घेतला तर घेतला, नाही तर नाही. आपल्याकडून कमी पडायला नको. अडीचपर्यंत पाठवा. उचललेला भंडारा विसरू नका.'

आप्पासो : बघ! वाट निघाली. सरी, सरी! सेलमला म्हणत्यात तसं, बेस झालं. लय डोकेबाज माणूस.

रंगुबाई : भामाबाई कशी गं बसली जीपमधी?

राणी : तिचा पण आवाज पाठवलाय त्याच नंबरवरून. ऐकते थांब. ती म्हणतेय, 'रंगू, तुझा कागद आला तर मी अंगठा देणार, न्हाई आला तर ही जीप काय मला गिळत न्हाई. तू तुझ्या मनानं कर.' बास, एवढंच.

आप्पासो : कागद काढ राणी. टेबलावर जहाजाची वही हाय, पेन हाय.

राणी : मी लिहिणार नाही, आणि पाठवणार तर मुळीच नाही. फोन माझा आहे.

आप्पासो : विश्वजितला हाक मार.

राणी : बाबा बादलीत तोंड घालून बसलेत. मारा हाक.

आप्पासो : लय शेफारलीस तू. घराण्याचा शबूद जायाची येळ आलीया आन् हिला...

रंगुबाई : राणी, वही आण.

राणी : आजी?

रंगुबाई : आण म्हणते न्हवं. आन् मी सांगते तसं ल्ही. 'मी, रंगुबाई आप्पासो, माझा अर्ज माघारी घेण्यास भामाबाईला परवानगी देते.' झालं? आजची तारीख घाल. दे पेन. ती वही धर घट, हलतीया.

राणी : आजी, नको ना. मी चौथीत होते. शेरडांच्या दावणीपाशी पाटी घेऊन बसायचो आपण. तुझं नाव लिहायला तुला मी शिकवलं. ते यासाठी?

रंगुबाई : कशासाठी ते आजून ठरायचं हाय. रं... गु... बा... ई. उकार जरा घसरला. चालतंय. आवं, धरा.

आप्पासो : रंगू, तुझं लय उपकार झालं. खरं सांगतो, गावात तुझं नाव...

रंगुबाई : धरा म्हणते आदी. हां. आता ह्यो कागद तुमच्या हातात हाय. पाठवायचा का न्हाई ते तुमी ठरवायचं. तुमी पाठव म्हणला तर राणी पाठवंल. व्हय गं?

राणी : तू सांगितलंस तर पाठवीन. रडत पाठवीन.

रंगुबाई : पर त्याच्या आदी माझं एक ऐकून घ्या. हितं हाय तवर सांगते. गावात आसतो तर मधीच चपला घालून चावडीवर गेला आसता. आज तुमाला जायाला जागा न्हाई. तुमची आई कशी गेली?

आप्पासो : हे काय मधीच?

रंगुबाई : सांगा तर.

आप्पासो : झोपंत गेली. दुकान टाकून दुसरं वरीस हुतं माझं. तार आली, चौथ्या दिवशी पोचलो. तवर सगळं आटपलं हुतं.

रंगुबाई : झोपंत गेली म्हणून कुणी सांगितलं?

आप्पासो : तू.

रंगुबाई : म्या खोटं सांगितलं.

आप्पासो : काय?

रंगुबाई : परतीचा पाऊस कोसळून गेला हुता आदल्या दिवशी. आपल्या मुलखात एरवी दगड भिजत न्हाई, पर पडला की असा पडतो. आमी बाजरीच्या पेंढ्या हालवत हुतो. न्याहारीची येळ. आत्याबाईनं, तुमच्या आईनं, पेंढी उचलली आन् खालनं फुरसं डसलं. घोट्याच्या वर. विश्वजित माझ्या पाठीला बांधलेला. मी वरडले, वस्तीवरची माणसं धावली, बाजंवर घालून तिला ओढ्यापतूर आणली. आन् ओढा दोनी काठ भरून चाललेला.

राणी : आपला तो ओढा? शाळेच्या वाटेवरचा?

रंगुबाई : त्योच. एरवी त्यात शेळीचं खूर भिजत न्हाई. वस्ती हिकडं, गाव तिकडं, दवाखान्याची वाट तिकडं. पल्याड तानाजी गाडी जुपून उभा. ईस वर्सांचा हुता. त्यानं दोर टाकला, वाहून गेला. दुसऱ्यांदा टाकला, वाहून गेला. तिसऱ्यांदा कमरंएवढ्या पाण्यात शिरला, तवा त्याच्या बापानं त्याला मागं वढला. आमी हिकडनं बघतोय. हाकंच्या अंतरावर हुता वो, तोंडावरलं पाणी दिसत हुतं त्याच्या.

आप्पासो : किती येळ?

रंगुबाई : त्यो दिस, ती रात. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. हिरड्यातनं रगत येत हुतं. पर शुदीवर हुती शेवटपतूर.

आप्पासो : आन् मला...

रंगुबाई : तीच म्हणली. 'आप्पाला ह्यातलं काय सांगू नगा. त्याला कळलं तर दुकान मोडून यील आन् पुन्हा मेंढरामागं हिंडंल. म्हणावं, झोपंत गेली.' म्या व्हय म्हणलं. मग अख्ख्या वस्तीला म्या बिरोबाच्या देवळात न्हेलं. एकुणीस वर्सांची हुते मी. सगळ्यांनी भंडारा उचलला, की आप्पाला सांगणार न्हाई. म्या बी उचलला. तानाजीनं बी. चाळीस वर्सांवर झाली, कुणाच्या तोंडातनं अवाक्षर न्हाई गेलं. आज मी मोडला.

राणी : आजी, पाणी पी.

रंगुबाई : ऱ्हाऊ दे. आवं, मला आईचं सांगून तुमाला रडवायचं न्हवतं. मरंस्तवर सांगणार न्हवते. पर तुमी बी त्याच देवळात, त्याच देवाम्होरं भंडारा उचलून आला, आन् त्यो माझ्या नावाचा. मला न इचारता.

आप्पासो : तानाजीला ठावं हाय ह्ये सगळं. आन् त्यानं माझ्याकडनं...

रंगुबाई : तानाजीला शिव्या दिऊ नगा. वाईट न्हाई त्यो. दोर टाकताना रडत हुता, म्या बघितलाय. पर नंतर तीनदा सरपंच झाला. पयल्या खेपंला मी दारात गेले, म्हणलं, भाऊजी, ओढ्यावर पूल. म्हणला, वैनी, औंदा नक्की. दुसऱ्या खेपंला म्हणला, वरनं मंजूर व्हाया पायजे. तिसऱ्या खेपंला माझ्या नजरंला नजर दिना. त्यो पल्याड ऱ्हातो वो. पल्याडच्या माणसाला पूल उद्या झाला तरी चालतंय.

राणी : आणि यंदा अर्जुनाकाकांची सून.

रंगुबाई : व्हय. औंदा अर्जुनाची सून त्याच काठावर बाळंत झाली. भामाबाईनं लुगड्याचा आडोसा केला, म्या छत्री धरली. पोर जगलं म्हणून कुणी काय बोललं न्हाई. तवाच म्या ठरवलं. मला काय सरपंचाच्या खुर्चीत बसून मिरवायचं न्हाई. पाच वर्सांत एक पूल, मग द्या खुर्ची कुणाला द्यायची त्याला. झालं माझं बोलून. आता तुमी ठरवा. किती वाजलं गं?

राणी : दोन पंचवीस.

आप्पासो : तू ह्ये मला अर्ज भरताना का सांगितलं न्हाईस?

रंगुबाई : तुमी इचारलं का, की रंगू, कशापायी उभी ऱ्हातीस? 'ह्या वयात हे काय थेर' म्हणला. आठवतंय?

आप्पासो : आठवतंय.

रंगुबाई : मग.

आप्पासो : कागद पाठवला तर शबूद ऱ्हातो. न्हाई पाठवला तर म्या मोडला. बापजाद्यात कुणी मोडला न्हाई रंगू. मी पयला. गावात तोंड कसं दाखवायचं? देवापुढं कसं उभं ऱ्हायाचं?

रंगुबाई : माझ्यासंगं. मी बी मोडलाच हाय की.

(मोबाइल वाजू लागतो.)

राणी : तानाजी आजोबांचा कॉल आहे. आप्पा, मी कट करते.

आप्पासो : आण हिकडं.

राणी : आप्पा, प्लीज.

आप्पासो : आण म्हणतो न्हवं. हॅलो. हां, तानाजी, बोल. व्हय, ऐकाया येतंय. व्हय, झालाय कागद. सही झालीया. माझ्या हातात हाय.

राणी : आजी...

रंगुबाई : गप. त्यास्नी बोलू दे.

आप्पासो : तानाजी, न्हाई पाठवत मी. न्हाई पाठवत म्हणलं. आवाज गेला न्हाई, नीट ऐकलंस तू. व्हय, उचललाय भंडारा. कोण न्हाई म्हणतंय? म्या उचलला, म्याच मोडला, त्याचं काय व्हायाचं ते माझं हुईल. गावात आलो की देवळात यीन, सगळ्यांच्या म्होरं नाक घासीन. तुझ्या सुनंला लढू दे की, पोरगी शिकल्याली हाय, लोकं ठरवतील. न्हाई, न्हाई. रंगू आडून बसली न्हाई. तिनं तर सही करून दिली माझ्या हातात. म्याच तिला इचारलं न्हवतं, तानाजी. शबूद दिला तिच्या नावाचा आन् तिला इचारलंच न्हाई. आन् ऐक. मला आईचं कळलं. व्हय. ओढ्याचं. तिनं सांगितलं. न्हाई, तुला दोष देत न्हाई मी. तीनदा दोर टाकलास, कळलं मला. तानाजी? हॅलो? बरं. भामाबाईला नीट घरला सोड. वस्तीपतूर सोड, गावात न्हवं. ठेवतो.

रंगुबाई : काय म्हणला?

आप्पासो : आदी लय वरडला. कुळाला बट्टा लावला म्हणला. आईचं काढल्यावर मात्र वरडायचा थांबला. भामाबाईला वस्तीपतूर सोडतो म्हणला.

राणी : तो कागद द्या इकडे, फाडून टाकते.

आप्पासो : ऱ्हाऊ दे. तिची सही हाय त्याच्यावर. राणी, तू जा, बापाला बघ. थोडं थोडं पाणी पाज त्याला, मीठसाखर घालून. दार वढून घे.

राणी : जाते. अजून पंचवीस मिनिटं आहेत हां तीनला. आप्पा, विचार बदलायचा नाही.

आप्पासो : न्हाई बदलत. जा.

रंगुबाई : खिचडी पार गोळा झाली बघा. खाताय का दोन घास?

आप्पासो : नगं. रंगू, हिकडं बस जरा. माझ्या शेजारी. त्या दिवशी सकाळपासनं सगळं सांग. आई काय बोलली, काय मागितलं, कुणाचं नाव घेतलं. आर्धंमुर्धं नगं.

रंगुबाई : लय हाय ते. लांबंल.

आप्पासो : लांबू दे. बुधवारपतूर कुठं जायाचंय मला.